बारा कापडांची तिहेरी घडी

आक्काची लेक चार दिवस आईशी बोलत नव्हती. ताटावर बसायची, दोन घास गिळायची आणि उठून जायची.

"हिला शिकवायला दवाखान्याच्या चादरी आपटून माझे हात सोलले, आणि ही मला भिंत समजते!" आक्का धुलाईखान्यात इस्त्रीवालीपुढे गाऱ्हाणं घालत होती.

गाऱ्हाणं अर्धंच होतं. पुरं ऐका.

लेक औषधं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. बायकांना योनीमार्गात खाज सुटते, आग होते, अंगावरून पांढरं जातं. शब्द वाचून मान खाली घालू नका, दुखणं तिथेच असतं! गोळ्या घ्याव्यात तर पोट बिघडतं, मलम लावावं तर उभं राहताच ओघळतं. लेकीने चार वर्षं खपून एक जेल केलं होतं. ते आतल्या ओल्या त्वचेला धरून राहावं आणि औषध थोडं थोडं सोडावं, असा बेत. ते वापरून बघायला धुलाईखान्यातल्या बारा बायका आक्कानेच तयार केल्या.

लेकीने प्रत्येकीला एक पांढरं सुती कापड दिलं. आठ तास वापरायचं आणि न धुता आक्काकडे द्यायचं. जेल ओघळलं तर डाग दिसेल. कागदावरही लिहायचं : ओघळलं का? आग झाली का?

बाराही कापडं स्वच्छ आली. बाराही कागदांवर 'नाही'. लेक हरखली. पुढच्या महिन्यात दोनशे जणींना तेच जेल द्यायचं ठरलं.

मग तिने एक कापड पुन्हा उचललं. आठ तास वापरलेल्या कापडाला इस्त्रीची घडी? तीही तिहेरी, डावा काठ आत! अशी घडी अख्ख्या दवाखान्यात एकच बाई घालते.

"आई, तू धुतलीस?"

"डाग होते. खळ वाळल्यासारखे कडक. तुझी चार वर्षं मातीत जाऊ देऊ?"

"परक्या बायका खोटं बोलल्या असत्या तर सोसलं असतं गं. पण तू?"

तिथून अबोला.

कापडं धुतल्याचंही आक्काने शेवटी सांगून टाकलं, तशी इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "आता माझं ऐक. त्या बारा जणींत मीही होते. मला आग झाली होती. दोन दिवस धड बसता येईना."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, पोरीच्या कष्टाला नाट लावू नका! तीस वर्षं एका टबात हात घातले आपण. तुला लेकीचं नाव दिसलं, माझी आग दिसली नाही. आता तीच आग दोनशे जणींच्या पदरात घाल. लेकीला जपलं म्हणतेस? तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलंस, तेही इस्त्री करून!"

आक्काचे कान लाजेने तापले.

"आणि कागद भरायला टेबल कुठे मांडलं होतं तुझ्या लेकीने?" इस्त्रीवाली थांबेना. "व्हरांड्यात! वॉर्डबॉय येतात-जातात, तिथे बाई काय लिहिणार, कपाळ?"

आक्काने बाराही जणींना चादरींच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली आणि एकेकीची माफी मागून पुन्हा विचारलं. नऊ जणींचं ओघळलं होतं. तिघींना आग झाली होती. वेड्यावाकड्या अक्षरांत तिने सगळं लिहिलं आणि तो कागद लेकीपुढे ठेवला.

लेकीने दोनदा वाचलं. "दोनशे जणींचं थांबवते. आणि त्या तिघींना आजच डॉक्टरीणबाईंना दाखवू." मग खाली बघत म्हणाली, "पण आई, तुझ्या हातून आलेलं काही मी आता तपासल्याशिवाय घेणार नाही."

आक्का म्हणाली, "घेऊ नकोस! तुला फसवलं, माझ्या बायांनाही फसवलं, त्याची हीच शिक्षा. पण तुझीही चूक ऐकून घे. बाईला खरं विचारायचं असेल तर आधी दार लावायचं. तिने खरं सांगितलं तर तोंड पाडायचं नाही. आणि पुन्हा कापडं गोळा करशील, तेव्हा माझ्या हातात देऊ नकोस पोरी. मला डाग धुता येतो, वाचता तुलाच येतो!"