अ‍ॅपमध्ये चूक नाही

मित्रांनो, जुन्या मोबाइलला कुणी त्याची कहाणी विचारत नाही. विचारलंच तर एक्स्चेंजमध्ये किती येतील, एवढंच विचारतात. माझ्या काचेला तडा गेला आहे, बॅटरी फुगली आहे आणि जरा बोलायला लागलो की मी तापतो. तापायला कारणही आहे. ते आज सांगतोच.

एका मोठ्या कारखान्यात हजारो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. ज्या हातांनी मला जोडलं त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. मागून पुढचा येतच होता. पुढे चिखलीतल्या एका दुकानातून विजयश्रीने मला घरी आणलं. तिचे आईवडील लातूरकडून येऊन चिखलीत राहिलेले. ती स्वतः चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला लागली होती. गाड्यांच्या वायरी जोडायच्या, दिवसभर लाइनवर उभं राहायचं. मला तिने गुलाबी कव्हर घातलं, त्यावर फुलपाखरू होतं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण माझी हौस करणारं आयुष्यात तेवढं एकच माणूस भेटलं, म्हणून तेही सांगतो.

ठेकेदाराची बस पिंपळे गुरवहून निघायची, चिखलीत विजयश्रीला घ्यायची, मोशीत इंदुताईंना घ्यायची आणि मग चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन अडकायची. वाटेत मात्र ड्रायव्हर कुणासाठी क्षणभर थांबत नसे. बस चुकली की खाडा, आणि खाडे वाढले की ठेकेदार घरी बसवायचा.

इंदुताई म्हणजे मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातली सून. विजयश्री लाइनवर नवीन असताना बोटं सोलून निघायची आणि ती रडायची, तेव्हा बोटांना चिकटपट्टी कशी गुंडाळायची ते इंदुताईंनी दाखवलं. वर आपल्या डब्यातली भाकरी रोज तिच्यापुढे सरकवली. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. चिखलीत बसमध्ये पाय ठेवला की विजयश्री माझ्यावरून त्यांना मिस्ड कॉल द्यायची. तो वाजला की इंदुताई घरातून निघायच्या. बस त्यांची कधी चुकली नाही.

मग विजयश्रीच्या मनाने घेतलं की आपण अ‍ॅप बनवायला शिकायचं. सुट्टीच्या दिवशी ती पिंपळे गुरवच्या क्लासला जाऊ लागली. मामाचा जुना लॅपटॉप मागून आणला, आणि केबलने मला त्याच्या दावणीला बांधलं. ती तिकडे लिहिणार आणि ते चालतं की नाही हे माझ्या अंगावर करून बघणार. पहिल्यांदा माझ्या मधोमध तिने 'नमस्कार' एवढा एकच शब्द उमटवला आणि घरभर नाचवत नेला. तिचे वडील म्हणाले, "एवढ्यासाठी क्लास? नमस्कार तर मला रोज सकाळी पन्नास जण पाठवतात."

त्यानंतरचे महिने माझे फार हालाचे गेले. एखादा कंस बंद करायचा राहिला की सगळं ठप्प. बटण दाबलं की अ‍ॅप जागच्या जागी गप्प. चूक तिची आणि शिव्या मला. पण पोरगी चिवट होती. लाल रेघांनी स्क्रीन भरली तरी उठायची नाही. क्लासमध्ये सगळ्यांनी एकसारखा कॅल्क्युलेटर बनवला, तसा तिनेही बनवला. पण तिला खरं काम सुचवलं ते इंदुताईंनी.

"मला येकटीला मिस्ड कॉल देतीस," त्या बसमध्ये म्हणाल्या. "बाकीच्या बाया अंधारात रस्त्याला उभ्या ऱ्हात्यात, त्यान्ला कोन देनार? समद्यान्ला येकदमच जाईल असं काय करता येत न्हाई का तुला?"

आणि तिने ते केलं, मित्रांनो! एकच मोठं हिरवं बटण, त्यावर 'बस आली'. पहिल्या थांब्यावरची बाई चढली की बटण दाबणार, आणि पुढच्या सगळ्या थांब्यांवरच्या बायकांना कळणार. विजयश्रीने सीटवरून सीटवर जाऊन, माझ्यासारखा फोन असलेल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये ते स्वतः टाकून दिलं. कुणी शंका काढली नाही. आपल्याच पोरीने केलेलं, मग भ्यायचं कशाला? बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी तिच्या मुठीत होतो आणि मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

ही बातमी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खोलीत, पोहोचायला कितीसा वेळ लागणार? तिथे ठेकेदाराचा माणूस सुजित बसायचा. त्याने विजयश्रीला गेटवर थांबवलं.

"मॅडम, भारी काम केलंय तुम्ही," तो म्हणाला. "फक्त नुसतं 'बस आली' नको. कोण चढलं त्यांची नावं पण दिसू द्या. कुणी मागं राहिलं तर गाडी थांबवता येईल. आणि आम्हाला ऑफिसात कॉम्प्युटरवर मुलगी हवीच आहे."

तिला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिने नावं घातली. आता प्रत्येकीने चढताना आपापलं नाव दाबायचं. इंदुताईंच्या बटणांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप चालणारच नव्हतं, म्हणून त्यांचं नाव विजयश्री माझ्यावरून दाबायची. तेही सुजितच्या लक्षात आलं. "एका फोनवरून दोन नावं? अशी तर कुणीही कुणाची हजेरी लावेल. बंद करा ते." तिने एका फोनवरून एकच नाव, असा नियम लिहिला. तो पहिल्याच फटक्यात चालला, म्हणून ती खूशसुद्धा झाली.

"इंदुताई, तुमच्याबद्दल मी सरांशी बोलते," ती म्हणाली.

"बोल बाई सवडीनं," इंदुताई म्हणाल्या.

सवड झाली नाही. विजयश्री टाइम ऑफिसच्या खुर्चीत बसू लागली होती, अजून पक्की झाली नव्हती, आणि अशा वेळी साहेबापुढे अडचणी न्यायच्या नसतात हे ती चटकन शिकली.

पूर्वी बस ट्रॅफिकमध्ये अडकली की ड्रायव्हर गेटवर सांगायचा आणि बसमधल्या सगळ्यांना उशीर माफ व्हायचा. आता सुजितने ठरवलं की अ‍ॅपच्या यादीत नाव असेल तिलाच माफ. ज्यांचं नाव नाही त्या आपापल्या आल्या, म्हणजे त्यांचा उशीर खरा. चाकणचा रस्ता तो. बस अडकतच राहिली. इंदुताईंच्या नावावर उशिरामागून उशीर लागत गेले आणि एक दिवस त्यांना ऑफिसात बोलावलं.

मी टेबलावर होतो. कंपनीच्या नियमाप्रमाणे माझ्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलेला होता, म्हणून मला कुणाचा चेहरा दिसला नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

"मावशी, या महिन्यात यादीत तुमचं नाव एकदाही नाही," सुजित म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

"आरं, मी बसमधीच हुते की! हिच्या शेजारी बसून येते रोज. इचार तिला."

एक खुर्ची करकरत वळली. मग सुजित हळूच म्हणाला, "मॅडम, अ‍ॅप तुमचं आहे. त्यात काही चूक आहे का? असेल तर सांगा, बंद करून टाकू सगळंच."

विजयश्रीने मला उचललं. पडद्यावर तिने उगाच वरखाली बोट फिरवलं.

"अ‍ॅपमध्ये चूक नाही, सर," ती म्हणाली.

हे खरं होतं, मित्रांनो. एका अक्षराचीही चूक नव्हती. माझ्याच अंगावर शंभरदा तपासून घेतलं होतं तिने.

"व्हय," इंदुताई म्हणाल्या. "अ‍ॅप कशाला चुकंल, पोरी? मीच न्हवते बसमधी." आणि चपला ओढत त्या गेल्या.

विजयश्रीची खुर्ची पक्की झाली. बसमध्ये आता बायका तिला मॅडम म्हणतात आणि आपल्या शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतात. तिने नवा फोन घेतला. मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडलो आहे. नवीन काही लिहिलं की मला बाहेर काढून, केबल लावून, माझ्यावर तपासते. पूर्वी तपासताना ती माझ्याशी बडबडायची. आता बोलत नाही.

आम्ही जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतो, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकू नका. मी तसलं काही मागणार नाही. खुशाल भंगारात घाला मला. तुम्ही शिका, अ‍ॅप बनवा, चुका, पुन्हा बनवा. फक्त जिच्या डब्यातली भाकरी खाल्ली ती खोटी ठरत असेल, तेव्हा 'ही माझ्या शेजारी बसली होती' एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणा. त्याला क्लास लावावा लागत नाही. विजयश्रीला ते येत होतं, मित्रांनो. तिला ते चांगलं येत होतं.