शाडूचा लेप

चंद्रप्रकाशचं नाव त्याच्या आत्याने ठेवलं, तेव्हा विसाव्या वर्षी या पोराच्या गालांवर काय उगवणार आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? वाकोल्याच्या चाळीत सगळे त्याला चंदूच म्हणत. पण पूर्ण नाव ठाऊक असलेली दोन-चार टवाळ पोरं होती. ती नळावर त्याला गाठून विचारत, "काय चंद्रप्रकाश, आज नवीन डाग किती?" चंदू हसून सोडून द्यायचा. हसताना हनुवटीवरची पुटकुळी ताणली जायची आणि ठणकायची.

इतके दिवस त्याने ते चालवून घेतलं होतं. पण विमानतळाजवळच्या नव्या हॉटेलात तो मुलाखतीला गेला आणि सगळंच बिघडलं. हॉटेलला रिसेप्शनवर पोरं हवी होती. चंदू उंच होता, बी.कॉम. झालेला होता, आणि रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांमागोमाग पुटपुटत त्याने आपलं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलं होतं. मॅनेजरसाहेबांनी चार प्रश्न विचारले, त्याने धडाधड उत्तरं दिली. साहेब खूश झाले. मग त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि त्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बोलतोस झकास. पण पाहुणा हॉटेलात शिरला की आधी तुझा चेहरा बघणार ना? पुढच्या महिन्यात दुसरी फेरी आहे. तोवर याचं काहीतरी कर."

घरी येऊन त्याने फक्त "परत बोलावलंय" एवढंच सांगितलं. आई, मालनबाई, देवापुढे साखर ठेवायला उठली. वडील धोंडिराम यांनी जेवताना आपल्या पानातली तळलेली मांदेली उचलून चंदूच्या पानात वाढली. गिरण्यांचा संप मोडून दोन वर्षं उलटली होती. धोंडिरामांची गिरणी काही पुन्हा उघडली नव्हती. आता ते अंधेरीच्या एका कारखान्याच्या गेटावर वॉचमनच्या खाकी कपड्यात उभे राहत, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

खरी गोष्ट त्याने फक्त नंदाला सांगितली. नंदा त्याची धाकटी बहीण, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली.

"मुलतानी माती," ती लगेच म्हणाली. "गुलाबपाण्यात कालवायची. वनमालाबाई पार्लरमध्ये सगळ्यांना तीच लावतात."

"बायकांना लावतात गं."

"मातीला काय कळतंय, खाली बाई आहे का बुवा?"

काष्ठौषधीच्या दुकानातून नंदाने पिवळसर खडे आणले, पाट्यावर वाटले, वस्त्रगाळ केले. खोली एकच. खाली आईची उठबस, शेजारणींची ये-जा. म्हणून चंदू शिडीने माळ्यावर चढला. तिथे गाद्या, ट्रंका आणि गणपतीची मखराची पेटी यांच्यामध्ये माणूस जेमतेम बसू शकत होता. वर पत्रा, त्यात मे महिना. नंदाने वाटी वर दिली. चंदूने बोटांनी लेप लावला. गार वाटलं, वळवानंतर अंगण दरवळतं तसा वास आला. पत्रा इतका तापला होता की लेप बघता बघता वाळला आणि सगळं तोंड आत ओढलं गेलं. धुतल्यावर त्याने आरशात पाहिलं. चेहरा उजळ दिसत होता, तेलाचा पत्ता नव्हता. त्याला वाटलं, जमलं.

दोन दिवसांनी कपाळावर तीन नवीन उठल्या.

तिथून पुढे चंदूला दुसरं काही सुचेना. सकाळी उठला की आधी हात गालावर जायचा. आंधळ्याने वाट चाचपावी तसा तो बोटांनी तोंडभर फिरायचा आणि रात्रीतून काय वाढलं ते मोजायचा. रस्त्यात कुणी त्याच्याशी बोलू लागलं की तो समोरच्याचे डोळे बघायचा: हे डोळ्यांत बघतायत की हनुवटीकडे? त्याने तेलकट बंद केलं, चहा बंद केला, भाकरीवरचं तूप बंद केलं. आईला वाटलं, पोराला कावीळ झाली.

मुलतानी मातीने होईना, म्हणून नंदाने वनमालाबाईंना हळूच विचारलं. "मैत्रिणीसाठी हवंय," म्हणाली. वनमालाबाईंनी एक पांढरीशुभ्र भुकटी पुडीत बांधून दिली. चिनी मातीतलीच ती एक जात, म्हणे कातडीला सौम्य. ती लावली की चंदू भुतासारखा दिसायचा. आठवडाभर लावली. तिने वाईट झालं नाही, पण चांगलंही झालं नाही, आणि दुसरी फेरी जवळ येत चालली. सौम्य औषधावर विश्वास ठेवायला लागणारा धीर चंदूकडे उरला नव्हता.

त्याचा मित्र बाळा चाळीमागच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्यापाशी एकदा चंदूच्या तोंडून निघून गेलं. बाळा हसला नाही. उलट म्हणाला, "शाडू लावून बघ की. आमचे हात बघ, दिवसभर शाडूत असतात. एक पुटकुळी दिसते का?"

चंदूने त्याचे हात खरोखरच उलटेपालटे करून पाहिले. तळव्यावर पुटकुळ्या कुणालाच येत नाहीत, एवढा साधा विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात आला नाही. तो ओंजळभर शाडू कागदात बांधून घेऊन आला. नंदाने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की लिंबाने डाग जातात. दुसरी फेरी तीन दिवसांवर आली होती. चंदूने एक अख्खं लिंबू शाडूत पिळलं.

आई बाजारात गेली होती, नंदा कॉलेजात. दुपारची वेळ. त्याने माळ्यावर बसून जाड थर चढवला, कानापासून कानापर्यंत. लिंबू चुरचुरायला लागलं. त्याला वाटलं, लागतंय म्हणजे गुण येतोय. एवढ्यात खाली कडी वाजली.

धोंडिराम संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. पण आज आले, आणि एकटे नाही. सोबत त्यांचे जुने दोस्त भाऊ होते, गिरणीत त्यांच्या शेजारच्या मागावर काम केलेले. दोघे खाली बसले. स्टोव्हला हवा भरल्याचा आवाज आला. धोंडिराम स्वतः चहा टाकत होते.

चंदू जागच्या जागी थिजला. उतरायची शिडी थेट त्यांच्या पुढ्यात. तोंड पुसायला वर फडकंसुद्धा नव्हतं. पाण्याचा तांब्या खाली राहिलेला. आता जातील, चहा घेऊन जातील, असं म्हणत तो गुडघ्यांत डोकं न टेकवता ताठ बसून राहिला, कारण टेकवलं तर माती कपड्यांना लागली असती. लेप वाळत चालला. डोळ्यांखालची कातडी ओढली गेली, ओठ हलवता येईनात. चुरचुर थांबून आता सरळ आग होऊ लागली. घाम सुटला, आणि तो लेपाखालीच अडकला.

खाली धोंडिराम म्हणाले, "भाऊ, पोरग्याचा काम झाल्यासारखाच हा. हाटेलात कोट घालून उभो रवतलो."

"ऑर्डर आली हातात?" भाऊंनी विचारलं.

धोंडिरामांचा आवाज खाली उतरला. "नाय. परत बोलवलानी हा. पण मी गेटावर सगळ्यांका सांगून मोकळो झालंय. लागलो म्हणान. तोंडातसून गेला, काय करू? कारखान्याचो सायब रोज विचारता, पोरगो खंयच्या खात्यात? आता नाय झाला तर... माका झोप नाय, भाऊ."

आपल्या बापाला झोप लागत नाही हे चंदूला ठाऊक नव्हतं. एकाच खोलीत, तीन हातांवर झोपणारा बाप. आणि दोघेही अंधारात एकाच गोष्टीच्या भीतीने जागे. त्याने जोराने श्वास घेतला. कपाळ हललं. कपाळावरचा एक ढलपा सुटला, माळ्याच्या फळीच्या फटीतून खाली गेला आणि भाऊंच्या मांडीवर पडला.

"छप्पर गळतंय की काय रे तुझं?" भाऊ वर बघत म्हणाले.

धोंडिराम उठून शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि त्यांचं डोकं माळ्याच्या पातळीला आलं. समोर राखाडी, तडे गेलेलं तोंड, त्यात दोन लाल डोळे.

"आवशीक खाव!" ते ओरडले आणि शिडीवरून पडता पडता राहिले. मग त्यांना शर्ट ओळखू आला. "चंदू? ह्या काय रे? तोंडाक काय फासलंस?"

चंदूला उत्तर देता येईना, ओठ उघडतच नव्हते. लाजेने आणि आगीने कासावीस होऊन त्याने दोन्ही हातांनी माती ओरबाडायला सुरुवात केली. गालावरून पापुद्रा निघाला, त्याच्याबरोबर कातडीही. तो कळवळला.

"थांब! ओरबाडू नको!" धोंडिरामांनी त्याची मनगटं धरली. "खाली ये. भाऊ, पाणी दे रे."

त्यांनी त्याला मोरीत बसवलं. भाऊ काहीही न विचारता तांब्याने पाणी घालत राहिले. धोंडिरामांनी आपला पंचा भिजवून चंदूच्या तोंडावर ठेवला, माती मऊ होऊ दिली, आणि मग बोटांच्या टोकांनी ती हळूहळू सोडवली. भुवईतून, नाकपुडीच्या कडेने, कानाच्या पाळीमागून. चंदूला आठवत होतं तेव्हापासून बापाने त्याच्या तोंडाला हात लावला नव्हता. तो रडत होता की पाणीच ओघळत होतं, हे कुणालाच कळलं नाही.

"हाटेलातल्या सायबान सांगलान?" धोंडिरामांनी विचारलं.

चंदूने मान हलवली. मग सगळं सांगितलं: चष्मा खाली घेतलेला, मुलतानी, पांढरी, शाडू, लिंबू.

"माका सांगूक काय झाला हुता?"

"तुम्ही हसला असता."

धोंडिराम पंचा पिळत राहिले. "मी?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. दुसऱ्या दिवशी सुजला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि हात जोडले. "माती लावून वाळू द्यायची, त्यात पत्र्याखाली, वर लिंबू! आता महिनाभर साध्या पाण्याशिवाय तोंडाला काही दाखवू नकोस." नंदा कोपऱ्यात बसून रडत होती, "माझ्यामुळे वाट लागली," म्हणत होती. तिची समजूत घालता घालता चंदूला स्वतःची भीती थोडा वेळ विसरता आली.

दुसऱ्या फेरीला जायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी उठला तर आईने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती आणि धोंडिराम बुटांना पॉलिश करत बसले होते. तो गेला.

तिथे मॅनेजरसाहेबांच्या शेजारी एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. साहेबांनी त्याला पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "अरे, हे काय करून आलास?"

बसमध्ये त्याने दोन-तीन थापा तयार केल्या होत्या. अपघात, ऍलर्जी. ऐन वेळी एकही आठवली नाही. त्याने इंग्रजीत, बातम्या वाचाव्यात तशा शांत सुरात, खरं तेच सांगितलं. कुठली माती कशी निघाली, शाडूने काय केलं, वडिलांनी तोंड कसं धुतलं.

बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटूनच म्हणाल्या, "बोल, बोल. पुढे सांग."

त्याला वाटलं, माझं तोंड बघवत नाही म्हणून मिटले. पण संपल्यावर त्या साहेबांकडे वळल्या. "हा मला द्या. एक्स्चेंजवर."

त्या टेलिफोन विभागाच्या प्रमुख होत्या. काम तळघरात, खिडकी नाही, पाहुणे कधी दिसणार नाहीत, आणि पाहुण्यांना तोही दिसणार नाही. चंदूने हो म्हटलं, पण बाहेर आल्यावर त्याला ते नीट गिळता येईना. दिसू नये म्हणून खाली पाठवलं, असंच ना शेवटी? आणि बाबांनी गेटावर कोट सांगितला होता.

तो घरी न जाता तडक अंधेरीला कारखान्याच्या गेटावर गेला. धोंडिराम ट्रकचा नंबर घेत होते. सोबतचे दोघे वॉचमन उभेच होते. चंदूने बापाला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण ते हलेनात.

"काय झाला? हयच सांग."

"लागलो. पण रिसेप्शनवर नाही, बाबा. खाली. फोनवर. कोट नाही."

धोंडिरामांनी एकदा त्याच्या सोलवटलेल्या गालाकडे पाहिलं, मग सोबत्यांकडे. चंदूने मान खाली घातली.

"फोनार," धोंडिराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "परदेशातसून फोन येतले ना रे? त्यांच्याशी हो बोलतलो. इंग्लिश." आणि ट्रकवाल्याला ओरडून म्हणाले, "आता जा रे पुढे!"

तरी चंदूची धास्ती गेली नाही. पहिल्या दिवशी कानांना यंत्र लावून तो तळघरात बसला. चुकीची लाईन जोडली तर? नाव नीट ऐकू आलं नाही तर? शेजारी बाई उभ्या होत्या. दुपारनंतर त्या जेवायला गेल्या आणि तो एकटा उरला. दिवा लागला. त्याने घसा साफ करून हॉटेलचं नाव घेतलं, शुभ दुपार म्हटलं, काय सेवा करू असं विचारलं. सगळं इंग्रजीत, एका दमात.

पलीकडून काहीच नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा.

त्याने परत विचारलं. कुणी साहेब तपासणी करतोय का?

"चंदू?" पलीकडचा आवाज अगदी दबका होता. "मी बोलतंय."

"बाबा! कुठून बोलताय? इथे घरचे फोन चालत नाहीत, ठेवा, कुणी ऐकेल."

"ठेवतंय, ठेवतंय. नाक्यावरसून लावलंय. जेवलंस?"

"जेवलो. ठेवा आता."

"ठेवतंय." पण ठेवला नाही. घुटमळत म्हणाले, "ता आधी काय बोललंस, ता एकदा परत बोल. भाऊ हा हय बाजूक, तेका ऐकवतंय."

चंदूने दाराकडे पाहिलं. बाई अजून आल्या नव्हत्या. दुसरा दिवा लागून लुकलुकत होता. त्याने घाईने, पण एकेक शब्द सुटा करत, ते सगळं पुन्हा म्हटलं आणि दुसरी लाईन घेतली.