झेलणारा

चौदा वर्षं गोलकीपर म्हणून त्याने जे टोपणनाव कमावलं, तेच घेऊन तो कुस्तीत आला: भिंत. गुडघा कामातून गेला, क्लबने नारळ दिला, तेव्हा ते नाव आणि उंची एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं.

ही कुस्ती निव्वळ करमणुकीची. कोण जिंकणार, कोण कुठे आपटणार, सगळं आधी ठरलेलं. भिंतीच्या वाट्याला दुष्टपणा आला होता. लोक त्याला मनसोक्त शिव्या घालत आणि शेवटी टोळ नावाचा पैलवान त्याला लोळवत असे.

टोळ हा त्याचा कायमचा जोडीदार. हडकुळा गडी रिंगणाच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढून भिंतीच्या अंगावर झेप घ्यायचा. लोकांना वाटे, भिंत कोसळली. खरं तर भिंत त्याला दोन्ही हातांनी अलगद झेलायचा आणि मग स्वतः पाठीवर पडायचा. सात वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

"मी डोळे मिटून उडी मारतो," टोळ सांगत फिरायचा. "एवढा भरवसा माझा बायकोवरसुद्धा नाही."

"तिला म्हणावं एकदा झेलून बघ," भिंत म्हणायचा. "नुसती हाडं टोचतात."

मग भिंतीच्या डाव्या डोळ्याला कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा धंदा सोडा. त्याने ते फक्त बायकोला सांगितलं.

"अहो, निदान टोळाला तरी सांगा."

"त्याला सांगितलं की मालकाला कळणार. परत घरी बसवतील मला."

तिने पुन्हा विषय काढला नाही. फुटबॉल सुटला त्या वर्षी दर शनिवारी दुपारी तो बुटांच्या नाड्या बांधून स्वयंपाकघरात बसून राहायचा. ते तिने पाहिलं होतं.

आठ महिने निभावलं. एका रविवारी दुपारी मात्र टोळ नेहमीप्रमाणे डाव्या खांबावरून सुटला आणि भिंतीला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. गोलकीपरला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, पकड मिळण्याची खात्री नसेल तर चेंडू धरू नकोस, मुठीने बाहेर घालव. त्याचे हात आपोआप वर गेले. उघडे नव्हे, मुठी वळलेले. टोळ हवेतच फिरला आणि दोरांपलीकडे खांद्यावर पडला.

इतक्या टाळ्या भिंतीला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्पितळात गेला. टोळाचा खांदा आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हात डोक्यावर पुन्हा जाणार नव्हता. उड्या संपल्या होत्या.

"माझाच पाय घसरला बघ," टोळच म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

भिंत गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्याने पलंगाचा कठडा धरला.

"पाय नाही घसरला तुझा," तो म्हणाला. "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"कधीपासून?"

"आठ महिने."

 टोळ रागावला असता तर भिंतीला बरं वाटलं असतं.

"सांगायचंस की रे," तो हळूच म्हणाला. "उजव्या खांबावरून मारली असती उडी. कुणाला कळलंही नसतं. त्यात काय होतं एवढं?"

उजवा खांब. आठ महिन्यांत भिंतीने मालकाचा विचार केला होता, डॉक्टरांचा केला होता, त्या स्वयंपाकघराचा तर रोजच. हे एवढंसं त्याला सुचलं नव्हतं.

टोळाची मान उशीवरून घसरली होती. त्याने कण्हत अंग वर ओढायचा प्रयत्न केला. भिंत चटकन पुढे वाकला, त्याच्या खांद्याखाली हात घालू लागला. टोळाचं सगळं अंग आखडलं.

"राहू दे," तो म्हणाला. "नर्सला हाक मार."

भिंत हात मागे घेऊन बाहेर गेला आणि नर्सला शोधू लागला.