होऊन राहिली आहे

नागुमामी गेल्यानंतरचा जलदानाचा विधी आटोपला, लोहा गावच्या घरातली माणसं पांगली, तेव्हा पंढरीमामानं खिशातला मोबाईल काढून भाचीपुढं धरला.

"लुंबे, तूच केलेलं हाय ना ग हे? बघ बरं, माझं काय चुकलं."

डायलिसिस केंद्राचं पान अजून उघडंच होतं. नांदेडच्या त्या केंद्रासाठी ते लुंबिनीनं लातूरच्या ऑफिसात बसून बनवलेलं. मधोमध हिरव्या अक्षरांत तिचंच वाक्य होतं: 'आपली नोंद होऊन राहिली आहे.'

"सोमवारी नंबर लावला. होऊन राहिली म्हणल्यावर थांबलो. तुझी मामी बोट ठेवून एकेक अक्षर लावायची अन् म्हणायची, लुंबीनं केलंय, खोटं कसं आसंल? तिसऱ्या दिवशी दम लागला तिला."

लुंबिनीला ते वाक्य लिहिलेला दिवस आठवला. सर्व्हरवर काही अडलं की पानावर इंग्रजीत लाल अक्षरं यायची, लोक घाबरून फोन करायचे. तिचे वरिष्ठ शिवकुमार सर म्हणाले होते, "काहीतरी गोड टाक, आपल्याकडच्या बोलीत." मग सर्व्हरनं कसलाही नकार धाडला तरी ब्राउझरनं हे एकच वाक्य दाखवावं, असं तिनं लिहून टाकलं. ऑफिसातले सगळे वाचून हसले होते. तिलाही मजा वाटली होती.

तिनं लॅपटॉप उघडून सर्व्हरच्या सोमवारच्या नोंदी काढल्या. सर्व्हर बंद नव्हता. मामाच्या विनंतीला त्यानं एका सेकंदात उत्तर दिलं होतं, कारणासकट.

"आमच्या इथलं नेटच मरतुकडं," मामा म्हणाला. "त्यानंच झालं आसंल, न्हाई का?"

हो म्हटलं असतं, तर त्यानं ते मानलं असतं.

"न्हाई मामा. नेट होतं. निरोप तुमच्या मोबाईलपर्यंत आला होता. मी लिहिलेल्या पानानं तो गिळला अन् हे हिरवं वाक्य दाखवलं. तुमचं काही चुकलं न्हाई. माझं चुकलं."

मामानं मोबाईलवरचं पान बोटानं वर-खाली सरकवलं.

"काय होता निरोप?"

"नांदेडला जागा नाही. लोहा केंद्रात आज चार वाजता जागा आहे."

"लोह्यात?" त्यानं दारातून बाहेर पाहिलं. ते केंद्र चालत दहा मिनिटांवर होतं.

लुंबिनीनं तिथंच भिंतीला टेकून ते हिरवं वाक्य खोडलं. प्रत्येक नकाराला त्याचं त्याचं वाक्य लिहायला घेतलं. पहिलं झाल्यावर मामा म्हणाला, "वाचून दाखव."

"जागा नाही. थांबू नका. लोहा केंद्रात जा."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढं तर तिला वाचता येत होतं ग," मामा म्हणाला.