जिभेवरचं पांढरं पाप

बाईने चूळ थुंकली, जीभबाबांनी पुढे धरलेल्या पांढऱ्या रुमालावर लालभडक डाग उमटला आणि सभागृहातल्या दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

"उतरलं पाप!" जीभबाबा गरजले. "जिभेला हाड नाही, म्हणून माणूस वाटेल ते बोलतो. तेच कडू शब्द पांढरे होऊन तोंडात रुजतात. माझं पिवळं तीर्थ त्यांना रक्तासकट उपटतं!"

ती बाई म्हणजे गल्लीतल्या लाँड्रीवालीची थोरली बहीण, ताई. तिच्या जिभेवर, टाळूवर, पार घशापर्यंत दह्यासारखा थर धरला होता. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. खरं तर ताई जन्मात कुणाला उणा शब्द बोलली नव्हती. तरी बिचारी शेजारच्या घराघरांत जाऊन माफी मागून आली.

"आणि तो दम्याचा पंप फेकून दे," बाबांनी बजावलं. "नवं पाप त्यातूनच शिरतं."

पंधरा दिवसांत ताईचं तोंड खरंच निवळलं. लाँड्रीवालीने गल्लीभर बाबांचे गोडवे गायले. त्याच आठवड्यात ताईला असा दम लागला, की दवाखान्याच्या दारातच ती गेली.

"ती बुरशी होती हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंपाचं औषध तोंडात राहिलं की धरते. पंप सुटला तशी बुरशी कमी झाली, पण दमा मोकाट सुटला. पंपानंतर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि तोंडात औषध लावायचं. एवढंच होतं."

चार दिवसांनी लाँड्रीवाली कामावर बसली. हळदीचा डाग पडलेला अभ्रा तिने ओला केला, साबण घासला. पिवळा डाग लाल झाला. नव्या कामवालीला ती नेहमी सांगायची, "घाबरू नकोस गं, हळदीला साबण-सोडा लागला की ती लाल होते." सांगायची, आणि तरीही त्या दिवशी सभागृहात हात जोडून बसली होती! तिला स्वतःची किळस आली.

पुढच्या बैठकीला ती तडक व्यासपीठावर चढली. सोड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला स्वतःचा रुमाल तिने पसरला आणि त्यावर हळदीचं पाणी ओतलं. रुमाल लाल झाला.

"बोला बाबा, या रुमालाने कुणाला शिव्या दिल्या होत्या?"

लोक हसले. बाबांनी मागच्या दाराने काढता पाय घेतला. पण एक म्हातारा उठलाच. "काही म्हणा बाई, तुमच्या बहिणीचं तोंड तर साफ झालं होतं ना?"

"झालं होतं," ती म्हणाली. "मेल्यावर मीच पुसलं. अगदी स्वच्छ होतं."

तिने तो लाल रुमाल उचलून सगळ्यांसमोर धरला.

"तोंडात पांढरं धरलं तर डॉक्टरला दाखवा. औषध मनाने सोडू नका. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? मला उत्तर येत होतं हो. मी विचारलं असतं, तर ताई आज घरी असती."