मिटलेली दोन बोटं

"ड्रॉप म्हणे! बॉल कसला, वीट येतेय नुसती. तिसऱ्यांदा नडगीवर बसला माझ्या."

"मग मी काय करू? मॅडम टाकतात तस्संच तर टाकतेय ना मी!"

दोघी कुजबुजत होत्या खऱ्या, पण कुजबुजायला त्यांनी जागा निवडली होती ती जाळीला खेटून, आणि जाळीच्या अलीकडे अंजली वाकून बॉल गोळा करत होती. मध्ये हातभर अंतर. पहिली तक्रार प्राजक्ताची. ती कॅचर, आणि नडगीला पॅड बांधायचा तिला मुलखाचा कंटाळा, त्यामुळे त्या तक्रारीत फारसा दम नव्हता. दुसरं वाक्य मात्र मैत्रीचं, बॉल टाकणाऱ्या पिचरचं होतं, आणि ते अंजलीला डोळ्यात चटणी गेल्यासारखं झोंबलं.

मॅडम टाकतात तस्संच. वा! तीन आठवडे घसा कोरडा करून शिकवायचं, आणि वर चूक मॅडमची.

ती बॉलची पिशवी घेऊन सरळ उभी राहिली.

"झाल्या का गप्पा? का चहा मागवू?"

दोघी जाळीपासून एक पाऊल मागे सरकल्या.

"पाच राऊंड. दोघींनी. आणि प्राजक्ता, येताना पॅड बांधून ये. ते काय दारावर तोरण लावायला दिलंय?"

पोरी धावायला लागल्या. दापोडीत रेल्वेच्या भिंतीलगतचं हे मैदान सकाळी सात वाजेपर्यंतच सॉफ्टबॉलचं असायचं. साताला क्रिकेटवाले स्टंप खांद्यावर टाकून यायचे आणि न बोलता मधोमध उभे राहायचे, जणू पोरी म्हणजे वाऱ्याने आलेला कचरा. त्यांच्याशी अंजलीचं दर आठवड्याला एक भांडण ठरलेलं. खरं म्हणजे तिचं सगळ्यांशीच एकेक भांडण ठरलेलं होतं. भाजीवाल्याशी वेगळं, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरशी वेगळं. लोक म्हणायचे, बाई तापट आहे. ती पूर्वी अशी नव्हती हेही लोकांना माहीत होतं, पण तेवढं मात्र ते म्हणायचे नाहीत.

आज गुरुवार. रविवारी देहूरोडच्या मैदानावर जिल्ह्याची निवड. मैत्री चौदाची, वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. हात असा की खालून फिरवलेला बॉल सणसणत जायचा. अख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकी वेगवान पोरगी नव्हती. पण नुसत्या वेगाला आता कोण भितं? दोन बॉल बघितले की तिसरा फटकावतात. गेल्या वर्षी मैत्रीला असंच धुतलं होतं, आणि पोरगी घरी जाऊन दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून ड्रॉप. नाकासमोर सरळ येतोय असं वाटायला लावायचं, आणि बॅटपाशी आला की बॉलने खाली बसायचं. तो आला तर मैत्री टीममध्ये. नाही आला तर रविवारी पुन्हा तेच.

आणि तो येत नव्हता.

राऊंड संपवून मैत्री धापा टाकत खुणेच्या पट्टीवर उभी राहिली. अंजलीने बॉलला मधोमध काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. फिरकी बरोबर पडली की टेपची रेघ हवेत स्थिर दिसते. चुकली की रेघ थरथरते, बॉल सगळाच मळकट दिसतो.

मैत्रीने बॉल ग्लोव्हमध्ये लपवला, हात पूर्ण फिरवला, सोडला.

मळकट. आणि सरळ. धप्प.

"मांडीला घासून वर! किती वेळा सांगू? सोडताना बोटं खालून वर. पप्पा दुकानाचं शटर कसं उचलतात? बोटं खाली घालून, वर. तसं!"

"तसंच करतेय, मॅडम."

"तोंड चालव फक्त. परत."

मळकट. धप्प.

गेटाबाहेर स्कूटर लावून मैत्रीचा बाप उभा होता. रोज उभा असायचा. पोरीला सोडायला यायचा, पण गेटाच्या आत पाऊल टाकायचा नाही. हेल्मेटसुद्धा काढायचा नाही. तिथूनच म्हणायचा, "जय भीम, ताई." आणि अंजली उत्तर द्यायची, कारण जय भीमला जय भीम द्यावाच लागतो, समोर कुणीही असो. त्यापुढे एक अक्षर नाही. दोन वर्षं झाली, एवढ्या एका शब्दावर दोघांचा व्यवहार चालला होता.

पूर्वी सहा वर्षं ती त्याला संघर्षभाऊ म्हणायची. तळवड्याच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढायच्या कारखान्यात, तो मशीन लावून देणारा सेटर होता, ती चालवणारी ऑपरेटर. एका डब्यात जेवलेली माणसं. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येत नाही. म्हणजे डाय खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर. हुशारीची गोष्ट. पण दोन हातांनी दाबायचं म्हणजे वेळ जातो, आणि टार्गेट तर रोज वाढतं. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला सेटरने एका बटणात लाकडाची कपची खोचायची. ते कायम दाबलेलं राहतं, आणि दुसऱ्यावर काम पळतं. सगळ्या प्रेसना नव्हे. घाई असेल त्या प्रेसला. सुपरवायझर तोंडाने कधी सांगायचा नाही. नुसता घड्याळाकडे बघायचा.

तीन वर्षांपूर्वी एके दिवशी चहानंतर अंजलीला दुसऱ्या प्रेसवर टाकलं. कपची आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. पत्रा तिरका बसला म्हणून तिने उजवा हात आत घातला, आणि वाकताना डावा टेकला, तो बटणावर. दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस येत नाही, हे तिला माहीत होतं. प्रेस आली.

अॅम्ब्युलन्स यायच्या आत कपची गेली होती. हॉस्पिटलमध्ये कागद आला. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे." उजव्या हाताला एवढं मोठं बँडेज, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. बी.ए. झालेल्या बाईचा अंगठा! तिची बोटं गेली ती गेली, पण त्या निळ्या शाईच्या ठशाची आठवण आली की आजही तिच्या कानशिलावरची शीर उडायची. खाली साक्षीदाराची सही होती. स्वच्छ, वळणदार. संघर्षची.

पुढे त्याने काम सोडलं, दापोडीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. गल्लीतल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. सगळे म्हणायचे, "अपघात झाला हो." भेटायला आलेली त्याची आई सोजरबाई म्हणाली होती, "मशिनीला काय डोळं असत्यात व्हय, बाये?" संत्री घेऊन आली होती. अंजलीने ती संत्री तशीच सुकू दिली.

आणि मग एक दिवस त्याचीच पोरगी मैदानात येऊन उभी राहिली. मॅडम, मला पिचर व्हायचंय. अंजली नाहीच म्हणणार होती. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात पोरीने उगाच, सहज, एक बॉल भिंतीवर मारला. तो आवाज ऐकला आणि अंजलीला 'नाही' म्हणता येईना, याचाही तिला राग आला. ती स्वतः राज्याकडून खेळलेली पिचर. असा आवाज ती ओळखायची.

तेव्हापासून ती वाट बघत होती. त्याने गेटाच्या आत यावं आणि एक वाक्य बोलावं. ती स्वतः बोलणार नव्हती. त्याच्या वाटचं ओझं तिने का उचलायचं?

"मॅडम, टाकू?"

"टाकू काय विचारतेस, मुहूर्त काढायचाय का?"

मळकट. या वेळी तर उसळून प्राजक्ताच्या खांद्यावरून गेला.

"थांब." पिशवी टाकून अंजली तरातरा पट्टीपर्यंत गेली. सव्वासहा झाले होते, साडेसातला नाक्यावर चाकणची बस. "ग्लोव्ह काढ. बॉल धर. दाखव."

मैत्रीने बॉल छातीशी धरला. "तुम्हीच म्हणता, ग्रिप कुणाला दिसता कामा नये."

"मी बॅटर आहे का? दाखव!"

पोरीने ग्लोव्ह बाजूला केला.

अंजली बघत राहिली.

अंगठा वरून. अनामिका आणि करंगळी शिवणीवर, घट्ट. आणि तर्जनी व मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी मुडपून तळव्यात दाबलेली, इतकी घट्ट की नखांचे वण उठले होते.

"हे काय?"

"ड्रॉपची ग्रिप."

"कुणी सांगितलं तुला असं?"

मैत्री गोंधळली. मॅडम परीक्षा घेतायत की चेष्टा करतायत, तिला कळेना. "तुम्हीच दाखवली ना. तीन आठवड्यांपूर्वी. असा धरायचा म्हणालात, आणि टाकून दाखवलात." तिने खाली बघत हळूच म्हटलं, "फास्ट बॉलला सगळी बोटं लावायला सांगितली होती, पण तो तुम्ही कधी टाकून नाही दाखवला. ड्रॉप दाखवलात. मला वाटलं, ड्रॉपला ही दोन बोटं लागत नाहीत."

प्राजक्ता मास्क वर करून उभी. 

तीन आठवडे. रोज शंभर-सव्वाशे बॉल. पोरगी चांगली धडधाकट दोन बोटं मुडपून टाकत होती, आणि अंजली तिच्यावर खेकसत होती. बॉलकडे बघत होती, टेपकडे बघत होती, मांडीकडे, पावलाकडे. हाताकडे मात्र नाही. कुणाच्याच हाताकडे बघायचं नाही ही तिची तीन वर्षांची सवय. स्वतःचा तर ती कंगवा धरतानाही बघायची नाही.

राग आता कुणावर काढायचा, तेच कळेना. इतका राग, आणि ठेवायला जागा नाही.

"दे इकडे." तिने मैत्रीचा हात धरला आणि ती दोन बोटं एक एक करून उघडली. आखडली होती बिचारी. तिने ती शिवणीवर नीट बसवली, शेजारी शेजारी. "ही. सगळं काम हीच करतात. सगळ्यात शेवटी बॉल यांनाच सोडून जातो. बाकीची नुसती सोबतीला. कळलं?"

"हो."

"शटर या दोघांनी उचल. टाक."

मैत्रीने हात फिरवला. बॉल सुटला. आणि टेपची काळी रेघ हवेत एकदम सरळ दिसली, काजळाने ओढल्यासारखी. बॉल प्राजक्ताच्या कंबरेच्या उंचीने आला, आला, आणि तिच्या ग्लोव्हच्या खालून निसटून मातीत शिरला.

"आई गं!" प्राजक्ता ओरडली. "बसला! मॅडम, बसला!" आणि या वेळी नडगीला पॅड होतं म्हणून तिला नाचताही आलं.

मैत्री हसली नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती. मग मॅडमच्या हाताकडे. अंजलीने सवयीने तो ओढणीखाली घेतला.

"मॅडम, तुमची..." पोरीने ओढणीकडे बोट केलं. "आजी म्हणते, मशिनीने नेली. पण मशीन आपोआप कशी येईल? तुम्ही तर किती सांभाळून असता. आम्हाला बॅटसुद्धा वाटेत पडू देत नाही."

आता सांगता आलं असतं. सगळं जिभेवर होतं, तीन वर्षं घोळवून गुळगुळीत झालेलं. पोरीचा बाप पोरीच्या नजरेतून कसा उतरला असता, एका वाक्यात. अंजलीने गेटाकडे बघितलं. संघर्ष जाळीला धरून उभा होता. त्याने ऐकलं होतं. सकाळच्या त्या शांततेत सगळंच ऐकू जात होतं.

"मला नको विचारू," ती म्हणाली, आणि मग इतक्या मोठ्याने ओरडली की लवकर आलेले दोन क्रिकेटवाले जागच्या जागी थांबले. "संघर्षभाऊ! रोज बाहेरून काय जय भीम करता? आत या! तुमची पोरगी तीन आठवडे दोन बोटं मुडपून टाकत होती. माझं बघून! आत येऊन बघा तिचे हात!"

 मग त्याने हेल्मेट काढलं, कुठे ठेवावं कळेना म्हणून काखेत धरलं, आणि गेट ढकलून आत आला. पट्टीपाशी येऊन उभा राहिला. मैत्रीने न सांगता दोन्ही हात पुढे केले. तळव्यात नखांच्या दोन चंद्रकोरी, लालभडक.

त्याने त्या बघितल्या. मग मान वर न करता अंजलीकडे हात पुढे केला, जणू काही मागतोय. अंजलीने ओढणीखालून आपला हात काढला. त्याच्यासमोर धरला. 

"पप्पा?" मैत्री म्हणाली.

 संघर्षच्या काखेतून हेल्मेट मातीत पडलं, ते त्याने उचललं नाही.

"बाळा, त्या बटणात कपची मी खोचली होती," तो म्हणाला. "आणि अॅम्ब्युलन्स यायच्या आत काढलीही मीच."