बाबांची व्यवस्थित न्याहारी

बाबांच्या पत्रात विमानाची तारीख होती, हवामानाची चौकशी होती आणि शेवटी एक प्रश्न होता: "सकाळी व्यवस्थित न्याहारी मिळेल ना?"

१९९२ सालची गोष्ट. मी तीन वर्षांपासून इजिप्तमधल्या इस्माइलियाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या दफनानंतर बाबा आणि मी फोनवर पावसापलीकडे काही बोललो नव्हतो. भांडण झालं होतं असंही नाही. आमच्या घरात बोलण्याचं काम आईचं असायचं, एवढंच. बाबांनी इंग्लंडात, आमच्या कीथली गावात, एकतीस वर्षं बस चालवली होती आणि परदेश म्हणून स्कॉटलंड पाहिला होता. असा माणूस आपणहून चौदा दिवसांसाठी इजिप्तला का येतोय, हे मला काही केल्या कळेना. त्या पत्रात मला उत्तर देता येईल असा एकच प्रश्न होता, न्याहारीचा. मग मी तोच धरून बसले.

खरं सांगायचं तर आमच्या घरी सकाळी लापशी असायची, नाहीतर चरबी फासलेला पाव. अंडी, बेकन, सॉसेज असं भरलेलं ताट मी पाहिलं ते फक्त ऑगस्टमध्ये, स्कारबरोच्या खानावळीत. वर्षातला तेवढा एक आठवडा आम्ही समुद्रावर जायचो. तिथे बाबा खुशीत असायचे. तेव्हा व्यवस्थित न्याहारी म्हणजे तीच, असं मी ठरवून टाकलं. पण त्या ताटात नेमकं काय काय होतं?

शाळेत माझ्याबरोबर आणखी दोन इंग्रज होते, केंटची रोझलिंड आणि न्यूकॅसलचा डंकन. मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, डब्यातले, टोमॅटोच्या रसातले बीन्स असतात का त्यात?

"बीन्स?" रोझलिंडनं नाक मुरडलं. "सकाळी सकाळी? शी! आमच्याकडे मश्रूम."

"बीन्स काढल्यावर ताटात उरलं काय मग?" डंकन म्हणाला. "मश्रूम म्हणे! ते रात्रीच्या सूपमध्ये घालतात."

"आणि रक्ताचं सॉसेज?" मी विचारलं.

"अर्थातच," डंकन म्हणाला.

"अर्थातच नाही," रोझलिंड म्हणाली.

घंटा झाली. दोघं रागारागानं आपापल्या वर्गावर गेले आणि मी होते तिथेच राहिले.

माझे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांना सगळी गल्ली अम्म बिशारा, म्हणजे बिशाराकाका, म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्रेसष्ट वर्षांचे, एकटे, चर्चला नेमानं जाणारे कॉप्टिक गृहस्थ. तरुणपणी कालव्याकाठच्या ब्रिटिश छावणीत ते अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात आचारी होते. एक्कावन्न साली इंग्रजांच्या निषेधात सगळ्या इजिप्शियन कामगारांनी छावणी सोडली, तेव्हा त्यांनीही सोडली. जिन्यात सहज त्यांना म्हटलं, वडील येताहेत, इंग्लिश न्याहारी करायचीय, जमेल की नाही कोण जाणे. त्यांनी हातातली भाजीची पिशवी तिथेच पायरीवर ठेवली.

"त्यात न जमण्यासारखं काय आहे? सात वर्षं केलीय मी. रोज चाळीस साहेब. अंड्याचा बलक मऊ, कडा कुरकुरीत. टोमॅटो अर्धा कापून. पाव बेकनच्याच चरबीत तळायचा. आणि मेंढीचे गुर्दे."

"गुर्दे? नाही हो अम्म बिशारा, गुर्दे नसतात त्यात."

"मिस हिलरी," ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ती न्याहारी सात वर्षं तुम्ही केलीत की मी?"

मग गुर्देही ठरले.

शुक्रवारी आम्ही बसनं कैरोला गेलो. डुकराचं मांस तिथल्या ख्रिस्ती वस्तीत, शुब्रात मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. जाताना त्यांनी कोट घातला, टाय लावला. दुकानदाराला बेकन हा शब्दच माहीत नव्हता. त्यानं जीभ दाखवली, मांडी दाखवली, मी आपली प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत राहिले. शेवटी अम्म बिशारांनी स्वतःच्या पोटावर आडवी बोटं फिरवून हवा तो तुकडा दाखवला. घरी आल्यावर त्याला मीठ-साखर चोळून तो पाच दिवस माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याखाली दाबून ठेवला. सॉसेजसाठी खिमा, पावाचा चुरा, मिरी आणि कसली तरी वाळकी पानं एकत्र करून त्यांनी हातानंच वळकट्या केल्या. बीन्सचा एक डबा डंकननं दिला. तो अम्म बिशारांना दाखवताच त्यांनी असा चेहरा केला, की मी निमूटपणे तो कपाटात ठेवून दिला.

बाबा बुधवारी संध्याकाळी आले. विमानतळावर मी त्यांना आधी ओळखलंच नाही. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. आईच्या हातचं जेवण नाही, म्हणून वाळले असतील असं मला वाटलं. इस्माइलियापर्यंत ते बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मधूनच म्हणत राहिले, "ह्याचे ब्रेक गेलेत वाटतं."

दुसऱ्या दिवशी साडेआठला टेबलावर पांढरं कापड होतं. ते अम्म बिशारांनी घरून आणलेलं. ते स्वतः पांढऱ्या जाकिटात, वरपर्यंत बटणं लावून उभे.

"गुड मॉर्निंग, मेजरसाहेब!"

बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"हा मला मेजर का म्हणतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यांची सवय आहे. बसा तुम्ही."

ताट आलं. दोन अंडी, बेकन, वळकट्या, टोमॅटो, मश्रूम, तळलेला पाव आणि कडेला मोहरीच्या रश्शातले गुर्दे. बाबांनी ते टेबलाच्या मध्यभागी सरकवलं.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून अम्म बिशारांकडे. ते खुर्चीमागे दोन पावलांवर हात पाठीशी बांधून उभे होते. मग बाबांनी सुरी उचलली आणि एकेक घास तोंडात टाकत सगळं संपवलं. गुर्देसुद्धा. कपाळावर घाम आला होता. ताट स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी खिशातून एक बाटली काढली आणि तीन गोळ्या हातावर घेतल्या.

"कसल्या गोळ्या या?"

"डॉक्टर म्हणाले, रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, आधी व्यवस्थित न्याहारी करायची. म्हणून तर तुला विचारलं पत्रात."

"बाबा, कसल्या गोळ्या?"

"हृदयाच्या. फेब्रुवारीत जरा दुखलं होतं. अकरा दिवस ठेवलं त्यांनी मला."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"कळवलं असतं तर तू विमानात बसून आली असतीस."

"आलेच असते!"

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, जणू वाद मिटला.

"आणि असलं तळलेलं चालतं तुम्हाला?"

"छे! तळलेलं, खारवलेलं, अंडी, सगळं बंद केलंय."

"मग खाल्लंत कशाला?"

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अगं, तो माणूस मागे उभा होता ना."

मला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि त्यात मध्येच हसूही येऊ लागलं. यातलं कुठलं आधी करावं ते कळेना. तेवढ्यात अम्म बिशारा चहा घेऊन आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? गुर्दे कच्चे राहिले?"

मी त्यांना अरबीत सगळं सांगितलं. चहाची किटली हातात तशीच धरून ते माझ्या टेबलाशी खुर्चीवर बसले. याआधी ते माझ्याकडे कधी बसले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला, आणि मग एकदम पारा चढला.

"बाप आजारी, आणि तुम्ही मला बेकनसाठी शुब्राला नेता?"

"मला माहीतच नव्हतं!"

"विचारलंत?"

मी गोळ्यांची बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचू लागले.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं.

"मी वाईट मुलगी आहे म्हणतात."

"असं कसं? त्याला सांग, चूक माझी आहे. आणि सांग, मी मेजर नाही. मी बस चालवायचो."

मी सांगितलं. अम्म बिशारांना ते पटेना. बसवाल्याला हे ताट मिळत होतं का, त्यांनी विचारलं. वर्षातला एक आठवडा, बाबांनी सांगितलं, तेही समुद्रावर गेलो तर. मग अम्म बिशारा म्हणाले, त्यांनी स्वतः तर ते कधीच अख्खं खाल्लं नाही, साहेबांच्या ताटातून परत आलेलं, गार झालेलं, तेवढंच.

"मग इंग्लंडात रोज खातं कोण हे?" त्यांनी विचारलं.

बाबांनी खरंच विचार केला. "मला नाही माहीत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अम्म बिशारा बाबांसाठी बाकल्याचे वालासारखे दाणे शिजवून आणू लागले, जिरं आणि लिंबू घालून, तेलाचा थेंब नाही. पहिल्या सकाळी बाबांनी वाटीचा वास घेतला. "बीन्स आहेत की हे," ते म्हणाले, आणि खाल्ले. मग गोळ्या घेतल्या. दोघं म्हातारे समोरासमोर बसायचे, छावणीतल्या दोन-चार इंग्रजी शब्दांपलीकडे एकमेकांचं काही कळत नसताना बराच वेळ काहीबाही बोलायचे, आणि मी काही विचारलं की दोघंही मला गप्प करायचे.

शेवटच्या रविवारी गावाजवळच्या तिमसाह तळ्याच्या काठावर मी बाबांना सरळच विचारलं, "बाबा, का आलात?"

"तुझ्या आईनं पासपोर्ट काढला होता."

"आईनं? कधी?"

"जायच्या आधीच्या उन्हाळ्यात. फोटो काढायला लीड्सला गेली होती. मला बोलली नाही. मेल्यावर खणात सापडला. एकही शिक्का नाही त्यावर." मग म्हणाले, "तिला इथं काय बघायचं होतं, तुला काही बोलली होती का?"

"नाही."

"मलाही नाही. मला वाटलं, आल्यावर कळेल."

"कळलं?"

"नाही," ते म्हणाले. "पण बरं झालं आलो."

शाळेला सुट्टी लागल्यावर जुलैत मी कीथलीला गेले. पहिल्या सकाळी खाली आले तर बाबा स्वयंपाकघरात उभे होते. टेबलावर दोन ताटल्या, दोन काटे, दोन कप मांडलेले. गॅसवर काहीच नव्हतं.

"मला वाटलं, तू करशील," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही करताय."

आम्ही दोघंही ओट्याशी उभे राहिलो, आणि सुरुवात कोणी आणि कशानं करायची, ते काही आम्हाला कळेना.